पोटाचा धनी

मला माणसांचा तिटकारा आहे असं आमचे नोंदाबा सगळीकडे सांगत फिरतात. सगळ्यांचा नाही हो. तोंडाने देवाचं नाव आणि हात दुसऱ्याच्या ताटात, अशांचाच आहे. आता आमच्या इम्बाली वस्तीत नेमकी अशीच माणसं जास्त निघाली त्याला मी काय करू?

नोंदाबा म्हणजे माझे यजमान. नाव भेकिसिसा झोंडी, पण झोंडींना मानाने हाक मारायची तर नोंदाबा म्हणायचं, म्हणून अख्खी वस्ती तेच म्हणते, आणि मीही. मी माहेरची शेझी, म्हणून मला माशेझी म्हणतात. उभा जन्म बस चालवली त्यांनी. पीटरमारित्झबर्गहून ग्रेटाऊन, तिथून घाट उतरून खाली मसिंगा. पण ते पोटापाण्याचं. खरं काम मध्यस्थाचं. कुणाच्या मुलासाठी मुलगी मागायची असली की ह्यांना बोलावणं येतं. काळी हॅट घालायची, काठी घ्यायची, मुलीच्या बापाच्या फाटकाशी उभं राहायचं आणि त्या घराण्याच्या पूर्वजांची नावं खणखणीत आवाजात घ्यायची. आतून बोलावणं येईपर्यंत उन्हात ताटकळायचं. आत गेलं की जमिनीवर बसायचं, आधी पोटभर शिव्या खायच्या आणि मग बोलायला तोंड उघडायचं. घरात दिवसभर हूं की चूं न करणारा हा माणूस परक्याच्या अंगणात असा गोड बोलतो की ऐकत राहावं. मला भारी राग येतो. माझ्याशी चार शब्द बोलायला काय जीभ झडते?

माझी धाकटी बहीण गेली तेव्हा तिचा वुकानी माझ्याकडे आला. मीच वाढवला. शिकला, इथल्याच शाळेत मास्तर झाला. एक दिवस सखिले मचुनू नावाच्या मुलाला घेऊन आला आणि म्हणाला, "मावशी, हा माझा माणूस." माझ्या हातातली पळी हातातच राहिली. नोंदाबांनी वर पाहिलं, मचुनूंना ज्या मानाने हाक मारतात तशी मारली, म्हणाले, "फाकाडे, जेवलास का?" झालं. आमच्या घरात त्या विषयावर एवढीच चर्चा झाली.

बाहेर मात्र उत्साहाला पूर आला होता. चर्चमधल्या गुरुवारच्या प्रार्थनेच्या बायका माझ्याकडे आल्या, डोक्याला रुमाल, अंगात गणवेश, आणि म्हणाल्या, "माशेझी, आम्ही तुझ्या वुकानीसाठी उपास धरलाय." मी म्हटलं, "स्वतःच्या नवऱ्यांसाठी धरा, पलीकडच्या गल्लीत कुणाकडे जातात ते मी सांगते." त्यानंतर त्यांनी माझी खुर्ची मागच्या रांगेत टाकली. शी! देवाच्या घरातसुद्धा खुर्च्यांचं राजकारण.

आणि सखिलेचा बाप! मसिंगाचा म्हातारा मचुनू. त्याने पोराला सांगितलं, माझ्या फाटकात पाय टाकायचा नाही. घरच्या पूजेत पूर्वजांसमोर सगळ्या मुलांची नावं घेतो, ह्याचं गाळतो. जिवंत पोराचं! मेलेल्यांची नावं घेतो आणि जिवंताचं गाळतो.

ह्या दोघांनी लग्न केलं, सरकारी कचेरीत, रीतसर. आणि मग त्यांना मूल हवं झालं. तशी जोडपी आणखीही निघाली, त्यांच्यासारखीच. लेडीस्मिथचे दोघे नर्स, हॉविकचा एक सुतार आणि त्याचा जोडीदार. कुणाला धड बसायला जागा देईना, म्हणून रविवारी दुपारी सगळे माझ्याकडे. मी मक्याच्या पिठाचं उफुथू आणि कोबी रांधायची, आणि हे जेवून झाल्यावर खुर्ची ओढून बसायचे. कोर्ट, डॉक्टर हे सगळं वुकानी समजावून सांगायचा. आधी कोर्टाची परवानगी घ्यायची, मगच दवाखाना. बाई पैशासाठी तयार झालेली नको, तिला आधीचं स्वतःचं मूल हवं. नोंदाबांचं काम वेगळं. ते बाप व्हायचे.

"चल," म्हणायचे, "मी तुझा बाप. सांग मला."

पोरगा चाचरत सांगायचा, बाबा, आम्ही मूल आणतोय, सरोगसीने, म्हणजे एक बाई आमच्यासाठी पोटात वाढवणार आहे. आणि हे असे अंगावर यायचे, अशा घाणेरड्या शिव्या द्यायचे, की एकदा तो लेडीस्मिथचा नर्स हमसाहमशी रडायला लागला. मी धावले. नोंदाबा म्हणाले, "रडून घे. इथे रडलास की तिथे रडणार नाहीस. परत सांग." असे तीन-तीन वेळा सांगायला लावायचे. पुढे त्या नर्सला जुळं झालं, तेव्हा हॉस्पिटलच्या खिडकीतली बाई विचारत राहिली, "आई कोण? आईचं नाव सांगा." मी सोबत होते. मी म्हटलं, "बापांची नावं दोन आहेत, एक जास्तच मिळतंय, घे की." बाईने नाक मुरडलं. त्या नाकाची मला आजही शिसारी येते.

तर वुकानी आणि सखिले. त्यांच्यासाठी बोनिसिले सितोले पुढे आली. वुकानीच्या शाळेत स्वयंपाक करते. मोठ्या तोंडाची, मोठ्या मनाची. तिला एक मुलगी आहे, तिचा बाप पोट दिसायच्या आधीच जोहान्सबर्गला पळाला. बोनिसिले मला म्हणाली, "मावशी, पोटात मूल वाढवायला मला काहीच त्रास होत नाही. बाहेर आल्यावर होतो. ते काम हे दोघे करणार असतील तर माझी काय ना आहे?" कोर्टाने तिला विचारलं, तपासलं, लिहून दिलं. मूल जन्मल्या क्षणापासून वुकानी आणि सखिले, दोघांचं. बीज सखिलेचं, अंडं कुणा अनोळखी बाईचं, दवाखान्याने दिलेलं. पैसा नाही, देणंघेणं नाही. सगळं इतकं स्वच्छ की मला वाटलं ह्यात घाण करायला कुणाला जागाच नाही.

पण बोनिसिलेला काका आहे. वेलाफी.

ह्या वेलाफी काकाने पुतणीला आजवर काय दिलं विचारा. तिचा बाप वारला तेव्हा हा दफनाच्या जेवणाला आला, दोनदा वाढून घेतलं, आणि गेला. पहिल्या वेळी पोरगी फसली तेव्हा पोराचं घर शोधायला हा गेला नाही, कारण त्याचा गुडघा दुखत होता. आता सातव्या महिन्यात तिचं पोट पाहिल्याबरोबर गुडघा बरा झाला.

आमच्याकडे रीत आहे. लग्नाविना मुलगी गरोदर राहिली, की तिच्या घरची वडीलधारी मुलाच्या घरी जातात. त्याला पोट कळवायला जाणं म्हणतात. फाटकाशी उभं राहून सांगायचं, तुमच्या मुलाने आमच्या मुलीचं असं केलं. मग मुलाला बोलावून विचारतात, हिला ओळखतोस का? हो म्हणाला की दंड. गाय, बकरी, घरची ऐपत असेल तसं. दंड घेतला की मूल मुलाच्या घराण्याचं. वाईट रीत नाही. पोरीला वाऱ्यावर सोडू नये म्हणून केलेली आहे. पण वेलाफीसारख्यांच्या हातात चांगली रीतसुद्धा नासते.

तो बोनिसिलेच्या आईकडे येऊन बसला. बोनिसिलेच्या आईने मला हे नंतर सांगितलं, रडत रडत, आणि मी तळलेल्या पिठाच्या ग्विन्या खात खात.

"पोटाचा धनी कोण?" त्याने विचारलं.

"काका, तसं काही नाहीये," बोनिसिले म्हणाली. "मी कुणासोबत नव्हते. कोर्ट आहे ह्यात. दवाखान्यात नळीने ठेवलं. मी दुसऱ्यांसाठी वाढवतेय."

"ते राहू दे. बीज कुणाचं?"

आता ही पोरगी खोटं बोलायला शिकलेलीच नाही. म्हणाली, "सखिले मचुनूचं."

"मसिंगाचे मचुनू? गुरंढोरंवाले?"

"हो, पण काका..."

"झालं तर मग," म्हणत वेलाफी उठला. पुढचं त्याने ऐकलंच नाही. कोर्ट नाही, नळी नाही, वुकानी नाही. त्याच्या कानात फक्त गुरंढोरं शिरली.

शनिवारी तो आणखी दोघा टग्यांना घेऊन मसिंगाला गेला. म्हाताऱ्या मचुनूच्या फाटकाशी उभा राहिला आणि ओरडला, "मचुनू! फाकाडे! सितोले आलेत, पोट कळवायला! तुमच्या सखिलेने आमची पोरगी भरवलीय!"

असं ऐकल्यावर कुठलाही बाप आधी नाकारतो. काठी उगारतो, पुरावा मागतो. हा म्हातारा नाचला. खरंच नाचला म्हणे, गुरांच्या वाड्यासमोर, ह्या वयात. त्याला वाटलं, पोरगा सुधारला! बाईच्या वाटेला गेला! त्याने लगेच बकरा कापला, मागच्या भिंतीशी धूप जाळून पूर्वजांना सखिलेचं नाव सांगितलं. इतकी वर्षं गाळलेलं नाव, आता काय तोंडभरून! शेजारीपाजारी मांस चघळायला धावले. जे काल त्या पोरावर थुंकत होते तेच आज हाडं चोखत म्हणत होते, आम्हांला ठाऊकच होतं, वयाचं खूळ होतं, गेलं. थू! मला ते नुसतं डोळ्यांसमोर आलं तरी घास उतरत नाही.

म्हाताऱ्याने वेलाफीला शब्द दिला. पुढच्या शनिवारी ये, पोरीला घेऊन ये. दंड देतो, आणि तिला सून करून घेतो, त्याच्याही गाई देतो. आणि पोराला फोन केला.

मंगळवारी सखिले माझ्या स्वयंपाकघरात बसला होता. वुकानी भांडी घासत होता, पाठमोरा. सखिलेचा चेहरा असा, जसा ताप उतरल्यावर होतो.

"नोंदाबा," तो म्हणाला, "बाबांनी मला फाकाडे म्हणून हाक मारली. फोनवर. म्हणाले, घरी ये, तुझी आई तुझी खोली झाडतेय."

"बरं," हे म्हणाले.

"बाळाला पूर्वजांसमोर नेणार आहेत. नाव ठेवणार आहेत. माझ्या बाळाला घराणं मिळेल."

"बरं. मग?"

"मग... तुम्ही शनिवारी चला माझ्याबरोबर. आमचं कोर्टाचं काम बघणारी वकीलबाई म्हणते, त्या काकाला एक कोंबडीसुद्धा द्यायची नाही. पोटाचा मोबदला दिला असं दिसलं तर गुन्हा होईल. बाबांना ते तुम्ही समजवा. तुमच्यासारखं बोलायला कुणाला जमत नाही. दंड तेवढा थांबवा. आणि बाकीचं..."

"बाकीचं काय?"

सखिले टेबलाकडे बघत म्हणाला, "बाकीचं सध्या बोलायचं नाही. वुकानीचं. त्यांना वाटतंय ते वाटू द्या. बाळ एकदा घरात घेतलं की मी हळूहळू सांगेन."

नळ चालू होता. वुकानीचे हात साबणात तसेच थांबले. तो वळला नाही. मास्तर आहे, वर्गात चाळीस पोरांवर ओरडतो, आणि इथे पाण्याकडे बघत उभा.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "हळूहळू? पोराच्या पहिल्या वाढदिवसाला सांगशील की लग्नात? तोवर हा कोण? शेजारी? भाडेकरू? दवाखान्यात रात्र रात्र कोण बसलं? पाळणा कुणी रंगवला? आणि बोनिसिलेला काय सांगितलंस, मचुनूंची सून म्हणून तिची वरात काढतायत ते?"

"मावशी, माझे बाबा आहेत ते."

"आणि हा बाळाचा बाबा आहे! तुला बाप मिळावा म्हणून बाळाचा पुसायचा? मला तुझी किळस येतेय, सखिले. त्या म्हाताऱ्यापेक्षा जास्त येतेय. तो निदान समोरून लाथ मारतो."

सखिले रडायला लागला. मला दया आली नाही. आणि आमचे हे! शांतपणे चहा संपवला आणि म्हणाले, "बरं. जाऊ शनिवारी."

"काय बरं?" मी ओरडले. "त्याच्या खोट्याची वकिली करणार? ह्या पोरांना रविवारी काय शिकवता, आणि शनिवारी काय करता?"

"बोलायला जातोय, माशेझी. अजून बोललो कुठे?"

चार दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.

सखिले शुक्रवारीच मसिंगाला गेला. शनिवारी सकाळी वुकानीने कुणाची तरी उघडी गाडी मागून आणली. तो येणार म्हणजे येणारच होता. म्हणाला, "मावशी, मला पुसणार असतील तर माझ्या डोळ्यांसमोर पुसू देत." मीही डोक्याला रुमाल बांधला, खांद्यावर शाल घेतली आणि बसले. अशा बोलण्यात बायकांनी जायचं नसतं. मला कोण अडवणार?

ग्रेटाऊनच्या पुढे हे म्हणाले, थांबव. उतरले आणि एका ओळखीच्या माणसाच्या आवारातून बोकड घेऊन आले. पांढरा, तगडा, शिंगं वळलेली. गाडीच्या मागे बांधला. मी बघतच राहिले. वेलाफीसाठी बोकड! कोंबडीही द्यायची नाही म्हणाली होती वकीलबाई, आणि हे बोकड नेतायत. पोटाचं भाडं! मी खिडकीकडे तोंड केलं. घाटभर तो बोकड मागे बें बें करत होता.

मसिंगाला पोचलो. उन्हाने नुसती काहिली. मचुनूच्या आवारात ही गर्दी. पुरुष गुरांच्या वाड्याला टेकून, मध्ये ज्वारीच्या बिअरची मडकी. बायका चटयांवर. त्यांत बोनिसिले, पाय सुजलेले, शाल गळ्यापर्यंत, तोंड आंबट. बकरी बाजारात आणून बसवावी तसं बसवलं होतं तिला. तिच्याशेजारी वेलाफी काका, नवा सदरा घालून. सखिले बापाच्या उजव्या हाताला.

गाडी आत नेता आली असती. नोंदाबांनी ती बाहेरच ठेवायला लावली. हॅट काढली, बोकडाचा दोर हातात घेतला आणि फाटकाशी उभे राहिले. आणि मग त्यांचा तो आवाज.

"मचुनू! फाकाडे! मासिंग्वानेचे वंशज! फाटकाशी गुन्हेगार उभे आहेत!"

म्हाताऱ्याने भावाला पाठवलं. तो आला, आमच्याकडे वरून खाली पाहिलं. "कोण तुम्ही? दंड घेणारे तर आत बसलेत."

"आम्ही देणारे," नोंदाबा म्हणाले. "झोंडी आणि शेझी. वुकानीच्या घरचे."

वुकानीचं नाव ऐकून सखिलेचा चेहरा पांढरा पडला, तो मला फाटकातून दिसला. माझा आपला जीव वर-खाली. बऱ्याच वेळाने आम्हांला आत घेतलं. सावली दिली नाही. नोंदाबा जमिनीवर बसले, मी मागे, वुकानी माझ्याशेजारी. बोकड आमच्यापेक्षा ऐटीत उभा.

"बोला," म्हातारा म्हणाला. आवाजात वीट होता, जणू ताटात माशी पडलीय.

"फाकाडे, आम्ही तुमचा अपराध केलाय," नोंदाबा म्हणाले. "आमच्या घरच्या पोराने तुमच्या घरचं माणूस नेलं. विचारलं नाही, फाटकाशी आला नाही, मागणी घातली नाही. इतकी वर्षं तुमचा मुलगा आमच्या पोराच्या चुलीवरचं जेवतो, त्याच्या छपराखाली झोपतो, आणि आम्ही तुम्हांला साधं कळवलं नाही. हे चोरट्यासारखं झालं. तुम्ही रागावलात ते बरोबरच होतं. त्याचा दंड द्यायला आलोय. हा बोकड."

मी ह्यांच्या पाठीकडे बघत राहिले. चार दिवस मी ह्या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं!

अंगणात एकच गलका झाला. कुणी हसलं, कुणी थुंकलं. एक म्हातारा मडकं खाली ठेवून म्हणाला, "पुरुषाची मागणी? अरे देवा, हे ऐकायच्या आधी मी मेलो का नाही!" वेलाफी ताडकन उठला. "आणि आमची पोरगी? आमच्या गाई?"

"तुमची पोरगी मचुनूंच्या मुलाने बिघडवलेली नाही," नोंदाबा म्हणाले. "तिने ह्या दोघांवर उपकार केलाय. त्यावर गाय लावलीत की तो सौदा होतो, आणि तो कायद्यात बसत नाही. पोलीस गाय बघत नाहीत, गाय घेणारा बघतात."

"माझ्या पुतणीचं पोट आहे ते!"

"माझं पोट आहे!" बोनिसिले चटईवरून ओरडली. एवढ्या पुरुषांसमोर, सुजल्या पायांवर उठून उभी राहिली. "पहिल्या वेळी तुमचा गुडघा दुखत होता ना काका? आजही दुखतोय असं समजा आणि बसा!"

बायकांमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. वेलाफी बसला. त्याची नजर मात्र अजून गुरांच्या वाड्यात, त्यातली कुठली आपली झाली असती ते बघत. शी!

म्हाताऱ्या मचुनूला हे काही ऐकू गेलं नसावं. तो सखिलेकडे बघत होता. त्याला आता सगळं कळलं होतं. नाच, बकरा, धूप, पूर्वजांना सांगितलेलं खोटं, आणि आवारभर बसलेली ही साक्षीदार मंडळी. त्याच्या मानेची शीर तटतटली. पण रीत ती रीत. फाटकाशी कुणी दंड घेऊन आलं, की घरच्या माणसाला विचारावं लागतं.

"सखिले," तो म्हणाला. "ओळखतोस का ह्या लोकांना?"

सखिलेने मान खाली घातली.

मला वाटलं, आता नाही म्हणणार. खोली झाडलेली आहे, आई दारात उभी आहे, बापाने इतक्या वर्षांनी शेजारी बसवलंय. एक शब्द बोलायला माणसाला इतका वेळ लागतो? मला त्याच्या मुस्कटात मारावीशी वाटत होती. त्याला वाचवण्यासाठी कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून तो थांबला होता, आणि नोंदाबा अजिबात बोलत नव्हते. हॅट मांडीवर, नजर मातीत.

"मी विचारलं," म्हातारा ओरडला, "ओळखतोस का?"

"ओळखतो," सखिले म्हणाला. मग वर पाहिलं. तोंडावर घाम, नाकातून पाणी. "ओळखतो, बाबा. वुकानी माझ्या घरचा आहे. माझं घर त्याच्याशी आहे. येणारं बाळ माझं आणि त्याचं, दोघांचं. बोनिसिले तुमची सून नाही. मी तुम्हांला फोनवरच सांगायला हवं होतं. तुम्ही मला हाक मारलीत, आणि मला... मला ती हाक सोडवेना."

दारातून त्याची आई आत गेली. म्हातारा काठीवर जोर देऊन उठला. मला वाटलं आता ती काठी नोंदाबांच्या टाळक्यात. तो आमच्यापर्यंत आला, वाकला, आणि बोकडाचा जबडा उघडून दात पाहिले.

"एवढी वर्षं माझा पोरगा नेऊन ठेवलात," तो दातओठ खात म्हणाला, "आणि हा एक बोकड? मचुनूंचा मुलगा काय रस्त्यात पडला होता? ह्याची शिंगं बघा! मला भिकारी समजलात?"

मला तर ओकारीच आली. पोटचा पोरगा समोर रडतोय आणि हा जनावराचे दात मोजतोय! मी तोंड उघडणार तेवढ्यात नोंदाबांनी मागे हात करून माझ्या शालीचं टोक दाबलं. "गप," ते हलकेच म्हणाले. "भाव करतोय म्हातारा."

"चुकलं, फाकाडे," ते मोठ्याने म्हणाले. "किती असावं?"

"गाय! गाय घेऊन या, मग बघू बसायचं की नाही. आणि काय रे झोंडी, इतकी लग्नं जमवलीस म्हणतात सगळीकडे, तुला एवढंही कळत नाही?" म्हाताऱ्याने काठी वुकानीकडे रोखली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "मागणीच्या बोलण्यात जावई स्वतः येऊन बसतो का कधी? लाजलज्जा आहे की नाही? ने त्याला फाटकाबाहेर! गाय ठरेपर्यंत ह्याचं तोंड मला दिसता कामा नये!"

जावई! शब्द निघून गेला होता. म्हाताऱ्यालाही तो ऐकू आला. त्याचे ओठ हलले, पण त्याने तो परत घेतला नाही. नोंदाबांनी हॅट छातीशी धरली आणि जमिनीला टेकेपर्यंत मान वाकवली.

वुकानी उठला. पँटची माती झटकली, म्हाताऱ्याला वाकून नमस्कार केला आणि भर अंगणातून, त्या थुंकणाऱ्या माणसांच्या मधून, फाटकाकडे चालत गेला. हाकलून दिल्यावर इतक्या ताठ मानेने बाहेर पडणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. बाहेर जाऊन तो भर उन्हात उभा राहिला, सासरच्यांनी बोलावण्याची वाट बघत.